बुधवारचा उपास

आमचं गाव तसं कधीच फार देवभोळं नव्हतं. महादेवाच्या देवळात दिवा लावायला म्हातारीकोतारी जायची, जत्रेला पालखी निघायची, श्रावणात गड्यांच्या दाढ्या वाढायच्या आणि श्रावण सरला की निघायच्या. बास. पण शाळेत खिचडी शिजायला लागली आणि बघता बघता गावाला अशी भक्ती चढली की पहिलीतली लेकरंसुद्धा आठवडाभर उपास धरायला लागली. ती खिचडी शिजवणारी बाई माझी आई होती, म्हणून हे मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यात आई बिचारी होईल, आणि आमची आई काही बिचारी नव्हती.

खिचडीच्या आधी शाळेतून नुसते तांदूळ मिळायचे. महिनाभर हजेरी नीट लागली की पोरांनी घरून पिशवी न्यायची आणि तांदूळ मोजून घ्यायचे. आमच्याकडं सगळा ज्वारीचा मुलूख. सकाळी उठावं तर आईच्या भाकरी थापायचा आवाज, तव्यावरनं भाकरी काढून ती चुलीतल्या आराला उभी करायची, आणि मी झोपेतच ओळखायची की आज पीठ संपत आलंय का भरपूर आहे. भाकरीबरोबर शेंगाची चटणी, कधी अंबाडीची भाजी, बाजारच्या दिवशी भाजून दळलेल्या धान्याच्या येसराची आमटी. भात म्हणजे पाहुण्याचं नाहीतर तापाचं जेवण. त्यामुळं शाळेचे तांदूळ घरात आले की आबा, म्हणजे माझे आजोबा, पिशवीत हात घालून मूठभर तांदूळ नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "पोरगी शिकली न्हाय तरी चालंल, पण हजेरी चुकू देऊ नगा." मी बरी शिकले त्याला बऱ्याच अंशी ते तांदूळ कारण आहेत.

मग वरून हुकूम आला की तांदूळ घरी द्यायचे नाहीत, शाळेतच शिजवून पोरांना गरम जेवण घालायचं. गावाला हे पटलं नाही. आमच्या हेडगुरुजींना तर मुळीच पटलं नाही. ते आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे, बायकापोरं तिकडं ठेवून इकडं खोली करून एकटे राहायचे, आणि स्वतःचा चहासुद्धा त्यांना धड जमत नव्हता. आता शाळेत चूल पेटवायची आणि ती फुंकायला बाई शोधायची. गुरुजी गल्लोगल्ली फिरले. मोठ्या घरांतून उत्तर आलं, "आमच्या बाया काय गावच्या लेकरांपुढं चूल फुंकत बसणार व्हय?" मधल्या घरांतून उत्तर आलं, "मोठ्या घरच्यांनी न्हाय म्हणलं, मग आमी का?" असं करत करत गुरुजी गावाच्या शेवटाला आमच्या भीमनगरात आले. त्याच्यापुढं रानच होतं.

आई तेव्हा रोजानं खुरपायला जायची. वडील ट्रकवर होते, उमरग्याहून माल भरून हैदराबादकडं जायचे, घरी आले तर आले. गुरुजींनी काम सांगितलं. आईनं विचारलं, "सावलीत हाय का काम?" गुरुजी म्हणाले, "सावलीत म्हणजे... वर पत्रे आहेत." आई म्हणाली, "मग करते." एवढीच मुलाखत झाली. पगार किती, कधी, हे तिनं विचारलंच नाही. उभ्या जन्मात तिनं जे जे काम केलं ते वाकून केलं होतं. हे काम उभं राहून करायचं होतं, हातात मोठं उलथणं घेऊन, आणि पुढं लेकरं. पहिल्या दिवशी ती लग्नाला जायचं लुगडं नेसून शाळेत गेली. मी तेव्हा पाचवीत. मला इतका अभिमान वाटला की मी वर्गात विनाकारण दोन पोरींशी भांडले.

पहिला आठवडा झकास गेला. प्रत्येकानं घरून ताट आणायचं, त्यामुळं सकाळी शाळेची वाट ताटांच्या आवाजानं भरायची. पोरं दप्तरं विसरायची पण ताट नाही. साडेदहा-अकराला फोडणीचा वास वर्गात शिरला की गुरुजींचं शिकवणं संपायचं. ते बोलत राहायचे, पण संपलेलं असायचं. पिवळीधमक खिचडी, मटकीचे दाणे, वरनं तिखटाचा झणका. आई वाढताना प्रत्येकाला नावानं विचारायची, "अजून घेतो का रं?" पोरं तिला पारूमावशी म्हणायला लागली. माझ्याही तोंडून घरी एकदा चुकून मावशी म्हणून हाक गेली तेव्हा आईनं लाटणं उगारलं.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी पंगत बसली आणि निम्मी पोरं बसलीच नाहीत. ती व्हरांड्याच्या त्या टोकाला भिंतीला टेकून उभी. गुरुजींनी विचारलं, "का रे?" तर पुढं झाला बसू. बसवराज त्याचं नाव, पहिलीत होता, पुढचे दोन दात पडलेले. तो म्हणाला, "गुरुजी, आमचा सोमवार हाय."

बसू म्हणजे गौराक्काचा नातू. गौराक्काचं घर महादेवाच्या देवळाला लागून, गळ्यात चांदीची डबी, त्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, आणि तोंडात अर्धं कानडी अर्धं मराठी. तिचा मुलगा शाळेच्या समितीत होता, पण समिती चालवायची गौराक्काच, घरातून. तिनं एखादी गोष्ट केली की गाव ती करायचं. आता सोमवार हा महादेवाचा वार, महादेवाची माणसं, उपास असूही शकतो. गुरुजी पंगतीकडं वळले. आईनं उरलेली खिचडी झाकून ठेवली.

मंगळवारी बसू म्हणाला, देवीचा उपास. तुळजापूर आमच्या जिल्ह्यात, त्यामुळं त्यालाही कुणाला नाही म्हणता येईना. गुरुवारला आमच्याकडं बेस्तरवार म्हणतात, त्या दिवशी दत्ताचा उपास. शुक्रवारी लक्ष्मीचा. शनिवारी सकाळची शाळा असायची, पण मारुती होताच. रविवारी शाळेला सुट्टी, तेव्हा पोरं पोटभर जेवायची.

मला राग लवकर येतो. आजही येतो, मी उमरग्याला दवाखान्यात शिस्टर आहे आणि पेशंटचे नातेवाईक मला बघून मोबाईल खिशात ठेवतात. तेव्हाचा राग तर काही विचारू नका. कारण कशाचा उपास हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आमच्या गल्लीतल्या पोरांचा उपास नव्हता, मोमिनांच्या दोघांचा नव्हता. ज्यांचा होता त्यांची घरं मला पाठ होती. त्या घरांत आम्ही पाणी मागितलं तर वरून ओतायचे. पण बोलायचं कुणी नाही. गाव मोठं सभ्य. तुमच्या हातचं चालत नाही, असं तोंडावर कोण म्हणणार? म्हणून मग तेहतीस कोटी देव कामाला लावले.

घरी आल्यावर मी दप्तर फेकलं आणि आईला म्हणाले, "तुला कळतंय का न्हाय? त्येंचा उपास न्हाय, काय न्हाय. तुझ्या हातचं नगं झालंय त्येंना."

आई तांदळातले खडे वेचत होती. ती म्हणाली, "मला न्हाय कुणी तसं म्हणलं."

"म्हणत न्हाईत पण तसंच हाय!"

"मग म्हणू दे, तवा बघू. उपास हाय म्हणत्यात, तर उपास हाय."

आणि ती खरोखर तसंच वागायला लागली. रोज सकाळी व्हरांड्यात उभी राहून आल्या आल्या पोरांना विचारायची, "आज कुणाकुणाचा उपास?" अगदी सरळ तोंडानं. हात वर व्हायचे, त्या मानानं ती तांदूळ कमी घालायची. उपासाच्या पोरांना उपासाला चालतात म्हणून घरनं शेंगा दिलेल्या असायच्या. ही पोरं टोकाला बसून शेंगा फोडायची आणि पंगतीकडं बघायची. पंगत उठली की आई खरकटं काढायची आणि मग टोकाला जाऊन शेंगांची टरफलं झाडायची. अंदाज चुकून खिचडी उरलीच तर ती शाळेच्या कुत्र्याला. ते कुत्रं त्या दिवसांत असं फुगलं की त्यानं भुंकणं सोडून दिलं.

बुधवारची मात्र अडचण झाली. बुधवारला देव सापडेना. आमच्या भागात बुधवारी कुणी कशाचा उपास धरलेला मी तरी पाहिला नव्हता. त्यामुळं बुधवारी त्या सगळ्या पोरांची पोटं दुखायची. गुरुजी साधे, त्यांनी खरं मानलं. त्यांनी उमरग्याहून ओव्याची पुडी आणली आणि दर बुधवारी चिमूट चिमूट ओवा वाटायला लागले. शेंगा चावून कंटाळलेली पोरं तो ओवासुद्धा मिटक्या मारत खायची.

त्या पोरांत बसूची दशा सगळ्यात वाईट. ते लेकरू खादाड होतं. पहिल्या आठवड्यात त्यानं खिचडी खाल्लेली, त्यामुळं आपलं काय जातंय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो हळूहळू टोकाकडनं सरकत सरकत चुलीपाशी यायला लागला. एक दिवस त्यानं आईला विचारलं, "मावशी, वास घेतला तर उपास मोडतो का?"

आईनं उलथणं थांबवून विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाली, "न्हाय मोडत. घे."

तेव्हापासून बसू रोज चुलीपाशी येऊन उभा राहायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि परत जाऊन शेंगा खायचा. आज मला हे आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मला त्या पोराचाही रागच यायचा.

अशात एका शनिवारी गुरुजी चुलीपाशी आले. इकडं तिकडं बघितलं आणि आईला म्हणाले, "पारूबाई, समितीचं म्हणणं असं की पोरं जेवत नाहीत तर बाई बदलून बघू. बुधवारी तालुक्याहून साहेब येणार आहेत खिचडी तपासायला. त्यांना जर पोरं उपाशी दिसली, तर मग मला..." ते वाईट नव्हते. त्यांना फक्त कुणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं, आणि अशा माणसाच्या हातून जे व्हायचं तेच होत होतं.

"मग मला काढणार," आई म्हणाली.

"तसं नाही... म्हणजे, तसंच."

दुपारी घरी येऊन आईनं शाळेत जायचं लुगडं धुतलं, पिळलं, झटकलं, वाळत घातलं, आणि त्याच्याकडं बघत उंबऱ्यात बसून राहिली. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "सुजाता, मला ते काम आवडतंय गं." एवढंच. आईनं कुठली गोष्ट आवडते असं म्हणलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

सोमवारी बसू वास घ्यायला आला. डोळे मिटून झाल्यावर त्यानं आईला विचारलं, "मावशी, बुधवारी कुठल्या देवाचा उपास आस्तो? आमच्या आज्जीलाबी ठावं न्हाय. मला पोट दुखतंय म्हणायला लावती. पण दुखत न्हाय."

"मला काय म्हाईत बाबा," आई म्हणाली. "आमच्या सुजातीला इचार, ती शिकती."

मी शेजारी ताटं मोजायच्या निमित्तानं उभी होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हणाले, "बुधवार बुद्धाचा. नावातच हाय की! बुध, बुद्ध."

"मग त्येचा उपास धरायचा?"

"त्येचा उपास न्हाय. त्येच्या वारी जेवायलाच लागतंय. पोटभर. न्हाय जेवलं तर पाप."

बसूचं तोंड उघडं राहिलं. "खरंच?"

"आईची आण," मी म्हणाले, आणि आई शेजारीच उभी होती.

हे मी अगदीच हवेतून काढलं नव्हतं. माझं नाव सुजाता आबांनी ठेवलेलं. लहानपणापासून ते मला गोष्ट सांगायचे की सिद्धार्थ उपास करून करून हाडांचा सापळा झाला, तरी काही कळेना. मग सुजाता नावाच्या बाईनं त्याला खीर दिली, ती त्यानं खाल्ली, आणि मग त्याला ज्ञान झालं. आबा म्हणायचे, "ध्यानात ठेव, आधी खीर, मग ज्ञान." संध्याकाळी मी आबांना शाळेतलं सांगितलं तेव्हा ते हसत हसत खोकायला लागले. "अगं येडे, बुधवार बुद्धाचा न्हाय, बुध नावाचा ग्रह हाय आभाळात, त्येचा वार त्यो." मग खोकला थांबल्यावर म्हणाले, "पण आता सांगितलंस ते सांगितलंस. आभाळातला काय खाली येऊन तक्रार करणार न्हाय."

मंगळवारी दिवस कलायला गौराक्का आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. आत नाही आली, रस्त्यावरच उभी राहिली. आबा कडुनिंबाखाली बाजेवर बसलेले. मी दारात. तिनं तिथूनच हाक मारली, "काय ओ, बुधवार तुमच्या देवाचा हाय म्हणं?"

आबा उठून उभे राहिले. "आमच्यात देव म्हणत न्हाईत, अक्का."

"मग काय म्हणता?"

"गुरू म्हणा की."

"गुरूचा वार बेस्तरवार."

"त्यो तुमच्या गुरूचा."

गौराक्कानं पदरानं तोंड पुसलं. कपाळावरचे पट्टे घामानं पुसट झाले होते. "आमच्या बसूनं बुधवार धरलाय," ती म्हणाली. "काल शाळेतनं आला आनि देवापुढं बसून बोलला, मी बुधवार धरतो म्हणून. लेकराच्या तोंडनं देवापुढं गेलेला शबूद. आता मोडाय येतंय व्हय? मला रात्रभर झोप न्हाय." आणि तिचा आवाज खरोखरच कापत होता. ही गोष्ट मला तेव्हा कळली नाही, आता कळते. गावातल्या बाकीच्यांनी देव वापरले. गौराक्का मात्र ज्या देवांची नावं घेत होती त्यांना खरंच भीत होती. तिच्याच शिकवणीनं पोरगं देवापुढं बसून व्रत बोललं होतं, आणि व्रत मोडलं तर काय होतं हेही तिनंच त्याला सांगून ठेवलेलं.

"कसा धरत्यात तुमच्यात बुधवार?" तिनं विचारलं.

आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग अगदी गंभीरपणानं म्हणाले, "जेवून."

"जेवून? जेवून कसला आलाय उपास?"

"त्येच तर हाय, अक्का. उपाशी राहून काय मिळत न्हाय, हे ज्याला कळलं त्योच ह्यो."

गौराक्का वळली. चार पावलं जाऊन परत थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "एक घास खाईल. व्रतापुरता. म्या सवता येते बघाय."

बुधवारी साहेब जीपनं आले. गुरुजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सकाळपासून त्यांना चार वेळा ठसका लागला होता. आईनं वाळत घातलेलं ते लुगडं नेसलं होतं. खिचडी झाली तेव्हा तिनं मला चमच्यावर दिली. मी खाल्ली. "बरोबर हाय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "एकदम बरोबर." हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

पंगत बसली. आमच्या गल्लीतली पोरं, मोमिनांची दोघं. टोकाला भिंतीपाशी पोट धरून उभी असलेली बाकीची सगळी. साहेबांनी विचारलं, "हे का उभे आहेत?" गुरुजी म्हणाले, "पोटं दुखतात साहेब." साहेब म्हणाले, "सगळ्यांची?" गुरुजींनी खिशातली ओव्याची पुडी काढून दाखवली. कशासाठी दाखवली ते त्यांनाच माहीत.

तेवढ्यात फाटकातनं बसू आला, ताट छातीशी धरून, आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून. मागं गौराक्का. तो सरळ पंगतीत येऊन मांडी घालून बसला. आईनं त्याच्यापुढं एवढीशी खिचडी वाढली, व्रतापुरती. बसूनं ती एका दमात संपवली आणि ताट वर केलं. "मावशी, अजून." आईनं गौराक्काकडं बघितलं. गौराक्का कानडीत म्हणाली, "साकु." म्हणजे पुरे. बसू म्हणाला, "आज्जी, पोटभर न्हाय जेवलं तर पाप लागतंय." आईनं वाढलं. त्यानं परत ताट वर केलं. तिसऱ्यांदा आईनं चांगला डोंगर वाढला. सगळी शाळा बघत होती. भिंतीपाशी कण्हायचा आवाजसुद्धा बंद झाला होता.

पण सहा वर्षांचं पोट ते केवढं! निम्म्या डोंगरावर बसू थांबला. ढेकर दिला. हात चाटला आणि उठून पाणी प्यायला पळाला. ताटात खिचडी तशीच. गौराक्का ओरडली, "ए, अन्न टाकतोस? बा इल्ली! इकडं ये म्हणते न्हवं!" पोरगं कुठलं येतंय. मग तिनं जे रोज घरी केलं असेल, त्याच्या बापाचंही केलं असेल, ते केलं. पदर सावरून खाली बसली, ताट पुढं ओढलं, कडेची शितं बोटांनी गोळा केली आणि नातवाचं उष्टं तोंडात घातलं. एक घास. मग दुसरा. तोंडानं चालूच होतं, "अन्न टाकू न्हाय, कितींदा सांगायचं..." आणि तिसरा घास तोंडात असताना ती थांबली.

तिनं वर बघितलं. व्हरांड्यातली सगळी पोरं तिच्याकडं बघत होती. गुरुजी बघत होते. आई उलथणं धरून उभी होती. गौराक्काच्या गालात घास तसाच होता. थुंकावा तर अन्न, आणि आत्ताच ती काय ओरडत होती ते सगळ्यांनी ऐकलेलं. गिळावा तर... गिळावा तर काय होतं, हे तिचं तिला माहीत. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. माझ्या मुठी वळल्या होत्या.

साहेबांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यांनी गुरुजींना विचारलं, "या कोण?"

आणि गुरुजींनी, जे आयुष्यात कधी चटकन काही बोलले नव्हते, चटकन सांगितलं, "पालक, साहेब. चव बघायला रोज एक पालक बोलवायचा नियम आहे ना. आज यांची पाळी."

"अरे वा," साहेब म्हणाले. ते गौराक्कासमोर थोडे वाकले. "काय आजी, कशी आहे चव?"

गौराक्कानं घास गिळला. सावकाश. आधी तोंडातनं कानडी आलं, "उप्पु कडमी." मग तिनं आईकडं बघितलं. आमच्या आईकडं तिनं असं सरळ तोंडाकडं कधी बघितलं नव्हतं. ती मराठीत म्हणाली, "मीठ कमी हाय."

आई म्हणाली, "उद्या जास्ती टाकते, अक्का."

"टाक," गौराक्का म्हणाली, आणि ताटात उरलेलं होतं ते सगळं पुसून खाल्लं. मग उठून हात धुतले, बसूचा कान धरला आणि गेली.

फाटकाच्या बाहेर तिची पाठ दिसेनाशी झाली आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या पोरांची पोटं एकदम बरी झाली. कुणी ताट आणलेलं नव्हतं. आमच्या गल्लीतली पोरं जेवून उठली तशी ही पोरं त्यांची ताटं हिसकावून, विसळून, बसली. आईनं पातेलं खरवडून वाढलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, "मिठाकडं लक्ष द्या" म्हणाले आणि जीपमध्ये बसून गेले. गुरुजी खांबाला टेकून उरलेला ओवा स्वतःच खात होते.

म्हणून गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. गौराक्काच्या घरी आम्हाला पाणी त्यानंतरही वरूनच ओतलं गेलं, ती जाईपर्यंत. तिच्या मयतीला आई गेली तेव्हा लांबच उभी राहिली. ज्याला या गोष्टीतनं गोड शेवट पाहिजे त्यानं दुसरीकडं बघावं. पण आईचं काम राहिलं. गुडघे गेले तोपर्यंत तिनं त्या शाळेत उभं राहून खिचडी केली, आणि बसूची पोरगी पहिलीत आली तेव्हा तिलाही वाढली.

त्या बुधवारी संध्याकाळी मात्र मी आईशी भांडले. मी म्हणाले, "मीठ बरोबर होतं. मी चाखलं होतं. साहेबापुढं तुला नाव ठेवलं तिनं आनि तू 'जास्ती टाकते' म्हणलीस! का म्हणलीस?"

आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही. "मीठ बरोबरच होतं," ती म्हणाली. "पण त्या बाईनं घास गिळला गं. त्याच्यावर काहीतरी बोलाय नगं का माणसाला?"

दुसऱ्या दिवशी बेस्तरवार. सकाळी आई व्हरांड्यात उभी राहिली आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज कुणाकुणाचा उपास?" पोरं एकमेकांकडं बघत राहिली. हात कुणाचाच वर झाला नाही. आईनं तांदूळ सगळ्यांपुरते घातले, आणि शब्द दिला होता म्हणून मीठही जास्तीचं घातलं. खिचडी खारट झाली. लई खारट झाली. सगळ्या शाळेनं ती खाल्ली आणि दुपारभर हौदावर पाण्याला रांग होती.